लेकीच्या घरचं पाणी

रोज सकाळी शेडमध्ये पाऊल टाकलं की आबा समोर उभ्या असलेल्या पहिल्या गाडीच्या बॉनेटवर तळवा ठेवायचे आणि विचारायचे, "हिला पाणी पाजलं का?"

पाणी म्हणजे चार्जिंग. विजेवरच्या गाडीला पाणी पाजायचं नसतं, उलट पाण्यापासून जपायचं असतं, हे आमच्या इंजिनिअर पोरांनी त्यांना शंभरदा सांगितलं. आबा "व्हय, व्हय" म्हणत शांतपणे ऐकून घ्यायचे आणि पुढच्या गाडीपाशी जाऊन तेच विचारायचे. वर्षभरात ती पोरंच एकमेकांना "पाणी पाजलं का रे?" म्हणायला लागली. मी आवक-जावकच्या टेबलावर बसायचे. एकदा बेंगळुरूच्या बॅटरीवाल्याला फोनवर मी बिनदिक्कत सांगून टाकलं की गाडी पाणी पिऊन उभी आहे. मग ते सावरताना माझी जी भंबेरी उडाली, ती विचारू नका.

आमची कंपनी म्हणजे उमरग्यात हमरस्त्यालगत, टायरच्या दुकानामागं असलेलं पत्र्याचं शेड. तिथं चार माणसांची छोटी इलेक्ट्रिक मोटार तयार व्हायची. कोपऱ्यात प्लायवूडची भिंत घालून केलेल्या खोलीवर 'मुख्य कार्यालय' अशी झोकदार पाटी होती. बाकीची कार्यालयं कुठं आहेत असं कुणी विचारलं की आमचे मालक, म्हणजे साहेब, हसून विषय बदलायचे.

आबा सास्तूरचे. उभा जन्म बैलगाड्या बनवण्यात गेलेला. साहेब नोकरी सोडून पुण्याहून परत आले तेव्हा त्यांच्या डोक्यात मोटार होती आणि ती जोडायला जागा नव्हती. आबांनी अंगण दिलं, हत्यारं दिली आणि पहिल्या गाडीचा सांगाडा सरळ आहे की नाही ते एका डोळ्यानं बघून सांगितलं. पुढं साहेबांनी मशीन आणून मोजलं, तर आबांचा डोळा बरोबर निघाला. तेव्हापासून आबा कंपनीत. हजेरीपुस्तकात त्यांचं नाव होतं, हुद्द्याची जागा मात्र कोरी होती, कारण काय लिहावं ते कुणालाच सुचलं नव्हतं. आबांना विचारलं तर म्हणायचे, "माज्या अंगणात जलमली ती. लेकच की माजी. बापाला काय हुद्दा आस्तोय व्हय?"

गाडी तयार झाली की तिची परीक्षा आबा घ्यायचे. समोरच्या फळीवर काठोकाठ भरलेला चहाचा ग्लास ठेवायचा आणि लोहाऱ्याच्या रस्त्याला लागायचं. चहा सांडला की गाडी परत शेडमध्ये. सांडला नाही तर तो थंडगार चहा आबा स्वतः पिणार आणि मगच कागदावर सही करणार. मी लोहाऱ्याची. एकदा जीप चुकली म्हणून त्यांच्या शेजारी बसून घरी गेले. सगळी वाट आबांची नजर ग्लासावर. मी जीव मुठीत धरून म्हणाले, "आबा, रस्त्याकडं बघा की."

"रस्ता पाठ हाय मला," ते म्हणाले. "गिलास पाठ न्हाय."

घुंगरांची कल्पनाही त्यांचीच. विजेची गाडी आवाज करत नाही. गावात शिरली की शेळ्या उठायच्या नाहीत, आणि एका म्हातारीनं तर "मांजरावानी मागनं येतंय मेलं" म्हणून आमच्या ड्रायव्हरचा उद्धार केला. दुसऱ्या दिवशी आबांनी बैलांची घुंगरमाळ आणून गाडीच्या पुढं बांधली. साहेब कपाळाला हात लावून बसले. पण गिऱ्हाईकं फोनवर पहिलं तेच विचारायला लागली, घुंगराची गाडी तुमचीच ना? मग साहेबांनी गुपचूप घुंगरांची ऑर्डर दिली. ती नोंद माझ्याच हातची आहे.

सगळं असं झकास चाललं होतं, आणि एके दिवशी साहेबांनी आम्हाला बोलावून सांगितलं की मुख्य कार्यालय दुसऱ्या राज्यात हलवायचा विचार आहे. शेडसकट.

दुसरं राज्य म्हणजे परदेश असल्यासारखे आमचे चेहरे पडले. खरं तर कर्नाटकाची हद्द आमच्या दारात. हद्दीपलीकडं तासाभराच्या अंतरावर ऐसपैस जागा मिळत होती, बांधलेलं शेड होतं, मोठा ट्रेलर आत वळेल असा रस्ता होता. इथं ट्रेलर वळवायचा तर टायरवाल्याला दुकानाचं छप्पर उचलून धरावं लागायचं. साहेबांचं म्हणणं चूक नव्हतं. पण मला घरी तीन वर्षांची मुलगी होती आणि लोहारा ते उमरगा एवढ्यातच माझा जीव मेटाकुटीला यायचा. प्रत्येकाचं असं काही ना काही होतं. आबांचं तर सगळंच होतं. दोन्ही मुलं पुण्यात, बायको जाऊन चार वर्षं झालेली. ही कंपनी इथून गेली की त्यांना सकाळी उठून जायला ठिकाणच उरणार नव्हतं.

साहेब म्हणाले, "आबा, तुम्ही चला जागा बघायला. तुम्ही म्हणाल तसं करू."

लेक द्यायची म्हणजे आधी तिचं होणारं घर बघायला जायची आमच्याकडं रीत आहे. आबांनी ती तंतोतंत पाळली. धुतलेलं धोतर, कडक टोपी, खांद्यावर उपरणं. निघायच्या आधी आम्ही त्यांना गराडा घातला. मी हळूच म्हणाले, "आबा, काहीतरी खोट काढा." ते माझ्याकडं बघून नुसते हसले. मला वाटलं, काम झालं.

मीही कागद घेऊन बरोबर गेले होते, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. तिथले अधिकारी नकाशे उलगडून बसले, आणि आबा मागच्या दारानं बाहेर. त्यांनी शेडला फेरी मारली, पायानं माती उकरून बघितली, भिंतीला कान लावला. कुंपणापलीकडं एक बाई शेळ्या राखत होती. तिच्याशी कानडीत पंधरा मिनिटं गप्पा झाल्या. पावसात पाणी तुंबतं का, लाईट किती जाते, शेजार कसा आहे, सगळं विचारून झालं. ती हात उडवून म्हणाली, "चलो अद." चांगलं आहे म्हणे.

मग त्यांनी तिथल्या हापशाचं पाणी मागितलं. घोट तोंडात घोळवला, गिळला आणि मला म्हणाले, "आताच पिऊन घेतो. एकदा लेक दिली की मग न्हाय."

आमच्या भागातली जुनी पद्धत ही. लेक दिली की तिला मूल होईपर्यंत आई-बाप तिच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाहीत. मला ते माहीत होतं, पण आबांचा विनोद समजून मी हसले.

परत आल्यावर सगळे वाट बघत उभे होते. आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "ठिकाण लई चांगलं हाय. पाणी गोड हाय. द्या."

मी तर दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर चार पेरू ठेवून ते समोर बसले.

"लेकी, म्या खोटं बोललो आस्तो तर तुजं भागलं आस्तं, माजंबी भागलं आस्तं. पर गाडी हितंच म्हातारी झाली आस्ती."

"आणि तुम्ही? तुम्ही येणार ना?"

"न्हाय. भूकंपात एकदा समदं गाव पडलेलं बगितलंय, आन् परत मांडलंय आमी. पुन्ना मांडामांड न्हाय हुयाची आता. तू मातर जा. तुज्यासाठी गाडीचं आन् पोरीसाठी खोलीचं बोललोय सायबाला."

ते खरंच बोलले होते. आजही लोहाऱ्याहून आम्हा सहाजणांना न्यायला-आणायला कंपनीची गाडी येते, आणि नव्या शेडशेजारी लेकरांसाठी एक खोली आहे. त्या दिवशी पेरू खाताना मला माझीच लाज वाटली.

सामान हलवलं तो दिवस भर मे महिन्यातला. आबा सगळ्यात आधी ट्रकवर. मशीन कुठं ठेवायचं, पाटी कुठं लावायची, सगळं त्यांनी उभं राहून करून घेतलं. ऊन असं की डोकं भणाणावं. साहेबांनी स्वतः पाण्याचा ग्लास पुढं केला, तर आबांनी हात जोडले. सरबत आणलं, तेही नाही. जेवणाच्या पंगतीलाही बसले नाहीत. कुंपणाबाहेर त्या शेळीवाल्या बाईकडं जाऊन तिच्या बाटलीतलं पाणी प्यायले आणि संध्याकाळच्या एसटीनं सास्तूरला गेले.

साहेब पार हिरमुसले. "आबा रागावले माझ्यावर," म्हणाले. पुढं दसऱ्याला बोलावलं तर आबा आले, पण फाटकाबाहेर थांबून सोनं देऊन परत गेले. तेव्हा मात्र मी साहेबांना ती पद्धत सांगितली. आधी ते हसले. मग ती पद्धत मला पुन्हा एकदा नीट सांगायला लावली.

तुम्ही म्हणाल, कंपनीत मूल कसं होणार? साहेबांनी ते मनावर घेतलं. सहा माणसांच्या नव्या गाडीचा आराखडा दोन वर्षं कपाटात पडून होता, तो बाहेर आला. इंजिनिअर पोरांना कुणी घाई करायला सांगितलं नव्हतं, तरी ती रविवारीसुद्धा यायला लागली. कुणी विचारलं की म्हणायची, "आबांना पाणी पाजायचंय."

या जागेत जन्मलेली सहा माणसांची ती पहिली गाडी गेल्या महिन्यात तयार झाली. साहेब स्वतः ती घेऊन सास्तूरला गेले. मी सकाळीच हापशाचं पाणी भरून तांब्या झाकून ठेवला होता. दुपारी लांबून घुंगरं ऐकू आली तशी मी फाटकाकडं गेले. सगळी माणसं कामं टाकून तिथंच उभी होती.

आबा उतरले. थकल्यासारखे वाटले मला, धोतर मात्र तसंच पांढरंशुभ्र. समोरच्या फळीवर चहाचा ग्लास काठोकाठ भरलेला होता. त्यांनी सवयीनं बॉनेटवर तळवा ठेवला आणि विचारलं, "हिला पाणी पाजलं का?"

"तिला पाजलं," साहेब म्हणाले. "आता आजोबांनी प्यावं."

मी तांब्या पुढं केला. आबांनी या वेळी हात जोडले नाहीत. दोन्ही हातांनी तांब्या धरून, मान वर करून, एका दमात सगळा रिकामा केला. पाणी गळ्यावरून सदऱ्यात उतरलं, तरी ते थांबले नाहीत. मग उपरण्यानं तोंड पुसलं, डोळेही पुसले आणि तांब्या माझ्या हातात देत म्हणाले, "लेकी, अजून एक दे. लई दिसाची तहान हाय."