टाय रॉडची वाटी

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगायला बसलोय, तर आधी शटर अर्धं ओढून घेतलं — भर दुपारी, स्वतःच्याच गॅरेजात.

गॅरेज चौक गावात, हायवेला लागून. स्टेअरिंगचं आणि सस्पेन्शनचं काम असलं की खालापूरपासून माणसं माझ्याकडे येतात. चाक जॅकवर उचलायचं, दोन्ही हातांनी धरून हलवायचं — कुठे काय झिजलंय ते मी नुसत्या खटक्यावरून सांगतो. म्हणजे 'मला कळलंच नाही' असं म्हणायची सोय नाही. मला कळलं होतं.

जीप बाळारामदादाची. वाडीवरची माणसं तो खोपोलीला न्यायचा-आणायचा. इतकी वर्षं चालवली, कुणाला ओरखडा नाही. स्टेअरिंग फिरवलं की एक दांडा चाक वळवतो. त्याच्या टोकाला वाटीत बसवलेली गोळी असते, त्या जोडाला टाय रॉड एंड म्हणतात. दादाच्या जीपची ती वाटी झिजली होती. नवीन एंड मागवला तो भलत्याच मापाचा आला. आधीच दोनदा वायदा चुकवलेला. तिसऱ्यांदा 'उद्या ये' म्हणायला — काय सांगू? लाज वाटली. एवढंच कारण. जुन्याचीच वाटी हातोडीने ठोकून आवळली. गोळी घट्ट बसते अशाने — पण किती दिवस? ते कुणालाच सांगता येत नाही. वर काळा रंग मारला आणि म्हणालो, नवीन टाकलाय.

मग त्या जीपचा हॉर्न ऐकला की मी समोरच्या गाडीखाली सरकायचो. रोज ठरवायचो, आज बोलावतो, आज बदलतो. बोलावलं का? नाही.

नवव्या दिवशी वळणावर जीप रस्ता सोडून खाली गेली. आत दादा आणि कुसुमवहिनी, दोघंच. दादाला खरचटलं. वहिनींचा पाय मोडला. त्या अजून काठीशिवाय चालत नाहीत.

गाडी ओढून आणायला मलाच बोलावलं. वहिनींना नुकतंच दवाखान्यात नेलं होतं. त्या कशा आहेत हे विचारायच्या आधी मी चाकाखाली वाकलो — हो, आधी. गोळी वाटीतून निसटलेली. वाटीवर माझ्या हातोडीचे घाव. उठलो आणि जमलेल्या माणसांना सांगितलं, खाली आपटल्यामुळे दांडा निखळलाय, गाडीत काही दोष नव्हता. आधी काय घडलं आणि नंतर काय, एवढंच मी उलटं केलं. तपासणार कोण? तपासायला तर मलाच आणलं होतं. तो तुकडा मी गॅरेजात खोलला आणि विहिरीत टाकला.

लोक म्हणाले, बाळारामला डुलकी लागली असणार. त्याने जीप विकली.

गेल्या महिन्यात तो आला. जावयाने गाडी घेतली होती, दादाने चालवावी असं त्याचं म्हणणं. दादा बाकड्यावर बसून स्वतःच्या हातांकडे बघत राहिला.

"रमेश, येक इचारू? तवा स्टेअरिंग हातात हलकं झालं व्हतं रं. येकदम हलकं. का मलाच तसं वाटलं? माझाच हात चुकला ना?"

सगळं तोंडाशी आलं होतं. तो उत्तराची वाट बघत होता.

मी म्हणालो, "हो दादा. तुझाच."