बारीक सळयांचे पंजे

त्याला सगळे ठिणगी म्हणत. नाव ऐकून कुणालाही वाटावं, माणूस तापट असेल, बोलता बोलता पेट घेत असेल. तसं काही नव्हतं. त्या बंदरात इतका थंड माणूस शोधून सापडला नसता. गिऱ्हाईक समोर उभं राहून घसा बसेपर्यंत भांडून गेलं तरी हा "बरं" म्हणायचा आणि वेल्डिंगची काच पुन्हा डोळ्यांवर ओढायचा. कुणीतरी थट्टेनं ठिणगी म्हणालं आणि ते असं चिकटलं की रंगाऱ्यानं दुकानाच्या पाटीवरही तेच रंगवून टाकलं. पाटी बघून तो म्हणाला, "बरं."

दुकान म्हणजे धक्क्याला लागून पत्र्याची एक लांबट शेड. आत नांगर, साखळ्या, मोडके पंखे, वाकलेले कठडे. समुद्राचं काम असं की जे लोखंड पाण्यात जाईल ते गंजून याच्याच दारात येईल. त्यामुळे ठिणगीला कामाची कधी ददात नव्हती. त्याचा हात मात्र नुसत्या पोटापुरता नव्हता. त्यानं मारलेला सांधा बोटानं चाचपून बघावा, कुठे फोड नाही, कुठे ओघळ नाही. जे कुणाला दिसणारही नाही ते तो घासून गुळगुळीत करायचा. त्याचा सगळा गर्व तिथे होता, बाकी कुठेच नव्हता.

त्याची बायको होती ओहोटीची माणूस. घड्याळ घरात होतं, पण तिचा दिवस ओहोटी ठरवायची. पाणी मागे हटलं की ती इतर बायकांबरोबर दाताळं आणि टोपली घेऊन चिखलाच्या पट्ट्यावर उतरायची. गुडघाभर गाळात वाकून, पृष्ठभागावरची बारीक भोकं ओळखून शिंपले उकरायची. ठिणगी जितका अबोल तितकीच ती बोलकी.

"अहो, मी निघाले. जेवण झाकून ठेवलंय. खाल की विसराल?"

"बरं."

"बरं काय बरं? खाईन बरं, की विसरेन बरं?"

तो हसायचा. दिवसातून एकदा तरी त्याला हसवायचं, हा जणू तिनं नेम केला होता.

पहिला पंजा त्यानं केला तो तिच्याच धाकट्या भावासाठी. मेहुण्यानं इंजिनाची बोट घेतली होती. तो येऊन म्हणाला, "भावोजी, हातानं किती दिवस उकरत बसायचं? मला एक लोखंडी पंजा करून द्या. पुढे दात, मागे सळयांचा पिंजरा. बोटीमागे ओढला की गाळ निसटून जाईल आणि शिंपले आत राहतील." ठिणगीला कामातलं कोडं आवडायचं. त्यानं घरी येऊन बायकोला विचारलं, "लहान शिंपला तुम्ही परत टाकता, तो केवढा?" तिनं दोन बोटं जोडून दाखवली. "यांच्या मधल्या पेरांच्या रुंदीपेक्षा बारीक असेल तो परत. तो अजून वाढायचाय." त्यानं सळयांमध्ये तेवढंच अंतर ठेवलं. पंजा झकास झाला. भावाच्या बोटीतून त्या हंगामात इतका माल उतरला की तिनंही कौतुकानं चार जणींना सांगितलं.

मग बोटी वाढल्या. एकाचं बघून दुसऱ्यानं घेतली, दुसऱ्याचं बघून तिसऱ्यानं. आणि दर हंगामाला कुणीतरी दुकानात येऊन, खाली बघत, म्हणू लागलं, "सळया जरा जवळ घ्याल का?" मोठे शिंपले संपत आले की लहानांवर पाळी येते, त्याशिवाय सळया जवळ घ्यायला कोण सांगेल? हे ठिणगीला कळत नव्हतं असं कुणी म्हणू नये. तो मूग गिळून बसला. सळया जवळ आल्या की काम अवघड होतं, सांधे दाटीनं येतात, हात स्थिर लागतो. त्याला त्या अवघडपणाची गोडी लागली होती.

इकडे बायकोची टोपली आधी अर्धी झाली, मग बुडाला लागली. ती दूरवर जाऊ लागली, उशिरा परतू लागली. कंबरेला हात लावून उंबऱ्यावर बसायची आणि तेव्हाही काहीतरी चेष्टाच करायची. एक दिवस मात्र ती ओल्या पायांनी सरळ दुकानात आली. भिंतीला टेकवलेल्या नव्या पंज्याच्या सळयांमधून तिनं बोट घालून बघितलं. ते गेलं नाही. तिनं करंगळी घालून बघितली.

"अहो, यातून माझी करंगळीही जात नाही."

"गिऱ्हाईक सांगेल तसं करावं लागतं. मी नाही केलं तर दुसरा करेल."

"दुसरा करेल तेव्हा करेल," ती म्हणाली. "आज तर तुम्ही करताय."

त्यानं वेल्डिंगची काच पुन्हा डोळ्यांवर ओढली.

शेवटी शाळेच्या सभागृहात बैठक बसली. मत्स्य खात्याच्या मॅडमनी नकाशा लावून सांगितलं की पट्ट्यावर पिलं उरलेली नाहीत. काही वर्षं उपसा बंद ठेवायचा, आणि पुढे उघडला तर फक्त रुंद सळयांचे पंजे चालतील. बाई गेली कित्येक वर्षं हेच सांगत होत्या आणि लोक त्यांना चहा पाजून परत पाठवत होते. त्या दिवशी सभागृह भरलं होतं, कारण आता प्रत्येकाच्या पोटाला चिमटा बसला होता.

मेहुणा उठला. "माझ्या बोटीवर सहा घरं जेवतात. त्यांना मी काय, नकाशा वाढू? वरून कारखान्याचं पाणी येतं, समुद्र तापलाय, ते कुणी बघत नाही. खापर फोडायला आम्हीच सापडतो!" त्याचं सगळं खोटं नव्हतं. मॅडमही म्हणाल्या, पाण्याचंही कारण आहे, पण पाणी आज आपल्या हातात नाही, पंजा आहे. मग जी आरडाओरड सुरू झाली तिच्यात कुणाचं कुणाला ऐकू येईना.

तेवढ्यात ठिणगीची बायको उभी राहिली. "बंद करा," ती म्हणाली. "आणि आम्हालाही बंद करा. आम्ही पायी जाणाऱ्या. आम्हाला वगळलं तर बोटवाले कधीच ऐकणार नाहीत. आम्ही दुसरीकडे राबू, पण पट्टा राहू द्या." तिच्या शेजारच्या बायका तिच्याकडे बघतच राहिल्या. तिनं कुणाला विचारलं नव्हतं. पण एकेकीनं मान हलवली.

मेहुण्याला ते झोंबलं. "ताई, मोठं बोलतेस. हे पंजे काय आभाळातून पडले? आधी आपल्या घरात बघ!"

सगळं सभागृह हसलं. तिचा चेहरा उतरला. ती खाली बसली नाही. आणि तेव्हा, जन्मात कधी सभेत तोंड न उघडलेला ठिणगी मागच्या बाकावरून उठला. "आजपासून बारीक सळयांचा पंजा माझ्या दुकानातून बाहेर जाणार नाही," तो म्हणाला. "चार तयार आहेत. ते मी कापतो." हसणं थांबलं. घरी जाताना ती त्याच्या बरोबरीनं चालत होती. "इतक्या वर्षांनी नावाला शोभलात," ती म्हणाली, आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येकीला तिनं ती गोष्ट पुन्हा सांगितली. त्याला इतकं सुख कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं कटर पेटवला आणि त्या चार पंज्यांसमोर उभा राहिला. त्याच्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम होतं ते. सळयांची रांग अशी सरळ की एका टोकाकडून बघितलं तर एकच सळई दिसावी. त्यानं कटर बंद केला. उद्या कापू म्हणाला. उद्याही तेच झालं.

अशात एका दूरच्या खाडीवरचा व्यापारी नांगर घ्यायला आला. पंज्यांपाशी तो थबकला. खाली बसला, सांध्यांवरून अंगठा फिरवला. "मिस्त्री," तो म्हणाला, "लोखंडाचं असं काम मी आजवर बघितलेलं नाही. आमच्याकडे कुणाच्या बापाला जमणार नाही." इतक्या वर्षांत ठिणगीला हे असं, सांध्यावर अंगठा फिरवून, कुणी म्हटलं नव्हतं. व्यापाऱ्यानं भाव विचारला. ठिणगीनं सांगितलेल्या भावावर त्यानं घासाघीसही केली नाही. आणि ठिणगी मनाशी म्हणाला, आपल्या पट्ट्यावर तर नाही ना चालणार हे. पंजे ट्रकमध्ये चढले.

"कापले का हो?" बायकोनं विचारलं.

"कापले."

"हात थरथरले असतील."

"थोडे," तो म्हणाला. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात त्याला जड झाला.

पट्टा बंद झाला. काठाला लाल झेंडे लागले. मेहुणा बोट विकून दुसऱ्याच्या जहाजावर कामाला गेला आणि बहिणीशी बोलेनासा झाला. बायका शिंपले सोलण्याच्या शेडमध्ये लागल्या. बाहेरून ट्रकनं माल यायचा, टेबलाभोवती उभं राहून सुरीनं शिंपला उघडायचा, गर काढायचा, टरफल मागे टाकायचं. कुणी कुरकुरली की ठिणगीची बायको म्हणायची, "आमच्या ह्यांनी स्वतःच्या हातानं पंजे कापलेत. आपल्याला एवढं जमणार नाही?" त्या शब्दावर बायका टिकून होत्या.

दुसऱ्या वर्षी एका सकाळी जे खोके उघडले त्यातले शिंपले नखाएवढे होते. सुरीचं टोक शिरायलाही जागा नाही. एकीनं वैतागून ट्रकवाल्याला हाक मारली, "अरे, ही पिलं कुठून उचलून आणलीत?"

"आमच्या खाडीतली," तो मोठ्या अभिमानानं म्हणाला. "आता काही सुटत नाही बघा! पंजेच असे आलेत. तुमच्याच बंदरातल्या एका मिस्त्रीनं केलेत म्हणे, आमच्या शेठनं चार नेले इथून. ते नमुन्याला ठेवून आमच्या लोकांनी तिकडेच अजून तीसचाळीस करवून घेतले."

टेबलाभोवतीच्या सुऱ्या थांबल्या. कुणी तिच्याकडे बघितलं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. तिनं पुढचा शिंपला उचलला. पाळी संपेपर्यंत ती सोलत राहिली, कारण दुसरं काय करणार?

ती घरी आली तेव्हा ठिणगी हात धूत होता.

"ते चार पंजे कापले नव्हतेत ना?"

त्यानं नळ बंद केला. खोटं बोलायला त्याला एक क्षण होता. तो त्यानं जाऊ दिला. "विकले."

"का?"

त्यानं हात पुसले. "चांगले झाले होते गं."

"तू मला कापले म्हणालास," ती म्हणाली. "मी सगळ्यांना सांगत फिरले. तू मला फिरू दिलंस. त्या खाडीवरच्या बायका आता कुठे जातील रे?"

लग्न झाल्यापासून तिनं त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. तो शब्द त्याच्या कानशिलावर बसला. ती रडली, त्याला नाही नाही ते बोलली, आणि तो भिंतीला टेकून ऐकत राहिला. त्याला वाटलं, बोलू दे. बोलून मोकळी होईल, मग जमेल काहीतरी. आपण जाऊ तिकडे, पंजे परत मागू, पायाही पडू. त्यानं हे तिला सकाळी सांगायचं ठरवलं.

सकाळी ती नेहमीसारखी आवरून निघाली. तो दारात आडवा आला. "जरा थांब," म्हणाला.

ती थांबली. काल रडून सुजलेले डोळे तिनं शांतपणे वर केले.

"तुमचं काही काम होतं का?" तिनं विचारलं.

कालच्या "तू"मध्ये राग होता, पण तो आपल्या माणसावरचा होता. आजचं "तुम्ही" रोजच्या "अहो"मधलं नव्हतं, ते त्यानं ओळखलं. शेडमध्ये ट्रकवाल्याला, खिडकीमागच्या कारकुनाला, रस्ता विचारणाऱ्या अनोळखी माणसाला ती हेच म्हणायची.

"नाही," तो म्हणाला, आणि तिला जायला वाट दिली.