थांबवा जरा, मागे घ्या

उजव्या हाताचं बोट वर करून ते म्हणायचे, "थांबवा जरा. मागे घ्या." पडद्यावर कोणी मरत असो की लग्न लागत असो, त्यांना त्याचं काही नसे. सावंत चरफडत रिमोट दाबायचे आणि गोळी लागून पडलेली माणसं उलटी उठून घोड्यावर बसायची.

नावड्याच्या आमच्या सोसायटीतल्या या सावंतांना जुन्या काउबॉय सिनेमांचं वेड. रविवारी दुपारी ते खालच्या हॉलमध्ये आपला जुना डीव्हीडी प्लेअर लावायचे आणि आम्ही पाच-सात रिकामी माणसं शेंगदाणे, चकल्या घेऊन जमायचो. तुमच्याही सोसायटीत अशी टोळी असेलच, आणि तिच्यात एखादा शंकासुरही असेल. आमचे शंकासुर म्हणजे हे बोट वर करणारे काका. साठीच्या पुढचे, बारीक अंगाचे, चौथ्या मजल्यावर भाड्याने एकटेच राहायचे.

"हा सकाळपासून घोडा पळवतोय. घोड्याला पाणी कधी पाजलं?"

"सगळं गाव धुळीनं भरलंय. मग ह्याचा शर्ट इस्त्रीचा कसा?"

सावंत वैतागायचे. "काका, पिक्चर आहे हो, पंचनामा नाय. तेव्हा कंप्युटर नव्हते. माणसं खरंच उड्या मारायची. आजच्या पिक्चरपेक्षा शंभर पट खरं आहे हे."

"खरं असतं तर मी कशाला थांबवलं असतं?" ते शांतपणे म्हणायचे आणि चकली मोडायचे.

त्यांना सगळ्याचा संशय आणि आम्हाला त्यांचा. तळोज्याला होतो, एवढंच ते सांगायचे. तिथल्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या प्रत्येकाच्या घरात कंपनीने दिलेलं भिंतीवरचं घड्याळ असतं. यांच्या घरात नव्हतं. हे शोधून काढलं गायकवाडबाईंनी, हळदीकुंकवाचं वाण द्यायच्या निमित्ताने. यांच्या घरात हळदीकुंकू घेणारं कोणी नव्हतं, तरी त्या गेल्या होत्या. "काढून टाकलेलं असनार," त्या म्हणाल्या. "चोराच्या मनात चांदनं. उगाच कोनी एवढ्या शंका काढत नाय." सावंतांना ते गुप्त पोलीस वाटायचे. पाठीमागे आम्ही त्यांना इन्स्पेक्टर म्हणत असू.

मीही काही सज्जन नाही. एकदा लिफ्टमध्ये त्यांना गाठून सरळ विचारलं, "तुम्ही कुठे होता कामाला?"

"तळोज्यात."

"कुठल्या खात्यात?"

त्यांनी लिफ्टच्या तपासणीच्या कागदाकडे बोट दाखवलं. "यावर सही आहे बघा. पण सही करणाऱ्यानं वर जाऊन बघितलं असेल का?" आणि दुसऱ्याच मजल्यावर उतरून जिन्याने वर गेले. माझा संशय पक्का झाला.

मग तो रविवार आला. सिनेमात एक गुंड गावाच्या लाकडी पाण्याच्या टाकीवर बंदूक घेऊन उभा होता. नायकाने खालून गोळी झाडली. गुंड कठडा मोडून, दोन्ही हात पसरून खाली आला.

बोट वर गेलं. "थांबवा. मागे घ्या."

सावंतांनी मागे घेतलं. गुंड जमिनीवरून उठून वर गेला, कठडा जुळला. पुन्हा पडला. त्यांनी पुन्हा मागे घ्यायला लावलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "माणूस असा पडत नाही. हात पसरत नाही. काहीतरी धरायला बघतो. अगदी खाली येईपर्यंत धरायला बघतो."

वातावरण हलकं करावं म्हणून सावंत म्हणाले, "जाऊ द्या काका, त्याचीच चूक होती. एवढ्या उंचावर नीट उभं राहायला नको?"

काका उठले. चपला हातात घेऊन तसेच अनवाणी गेले. गायकवाडबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे.

तीन दिवसांनी त्यांनी माझी बेल वाजवली. इस्त्रीचा शर्ट घातलेला होता. "तुमच्याकडे स्कूटर आहे ना? करंजाड्याला सोडाल?"

"मीच का?" संशय काही जात नव्हता.

"तुम्ही मला तोंडावर विचारलंत. बाकीचे पाठीमागे विचारतात."

करंजाड्यात एका इमारतीखाली उतरल्यावर ते वर जाईनात. स्कूटरला टेकून बोलू लागले. ते कारखान्यात सेफ्टीला होते. कोणाला उंचावर चढायचं असलं की आधी परमिट लागायचं. सेफ्टीवाल्याने वर जाऊन बेल्ट कुठे अडकवायचा ती जागा हलवून बघायची आणि मग सही करायची. आठ वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांनी खालीच टेबलावर सही केली. रोजचंच काम, रोजचीच टाकी. त्या माणसाने बेल्ट लावला होता, कठड्यालाच. कठडा गंजलेला होता. कठड्यासकट माणूस खाली आला आणि जागीच गेला.

"आणि रिपोर्टमध्ये?"

"कामगारानं बेल्ट लावला नव्हता. साहेबांनी सांगितलं, पण लिहिलं मी. लगेच नोकरी सोडली. त्यानं काय होतंय. इथे वर त्याची बायको राहते. तिला आठ वर्षं सगळे तेच सांगतायत, तुझ्या नवऱ्याची चूक."

मला त्यांचा राग आला. खोटं कशाला बोलू. सावंतांच्या घोड्याला पाणी पाजायची चिंता करणारा हा माणूस आठ वर्षं गप्प बसला होता. "जा वर," एवढंच मी म्हणालो, आणि ते जरा कडकच निघालं.

ते तासाभराने खाली आले. चेहऱ्यावरून काही कळेना.

"रडल्या का?"

"नाही. म्हणाली, मला माहीत होतं. घरात पंखा पुसायलासुद्धा कमरेला दोरी बांधून चढायचा. बेल्ट लावला नाही, हे मला कधी पटलंच नाही." ते थांबले. "मग म्हणाली, लेखी द्या. आत्ता, इथे बसून."

"दिलंत?"

"दिलं. दोन पानं. सही करायच्या आधी वाचून घेतलं तिनं. मी पण वाचलं."

परतताना ते मागे बसले. माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. खांद्यावर त्यांचा हात होता आणि तो मी असू दिला.

पुढे ते त्या बाईंबरोबर सरकारी कचेरीत जबाब द्यायला जात राहिले. चौकशी पुन्हा उघडली. काय होईल ते त्यांनाही माहीत नव्हतं. एक दिवस खोली रिकामी करून ते मुलीकडे सांगलीला गेले. तारखेला येतात म्हणे, पण परस्पर जातात. मी सगळं हॉलमध्ये सांगितलं तेव्हा गायकवाडबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि मग माझ्यावरच चिडल्या, आधी का नाही सांगितलंत म्हणून.

गेल्या रविवारी सावंतांनी तोच सिनेमा लावला. टाकी आली, गोळी सुटली, कठडा मोडला. हॉलमध्ये बोट वर करणारं कोणी नव्हतं. सावंतांनी आपणहून रिमोट दाबला आणि चित्र मागे घेतलं. माणूस जमिनीवरून उठला, हवेतून वर गेला, कठडा जुळला. तो टाकीवर नीट उभा राहिला तशी सावंतांनी चित्र थांबवलं, आणि बराच वेळ आमच्यापैकी कोणीच पुढे चालवा म्हणालं नाही.