न लिवलेले नऊ पाय

धर्मेंद्रचा डावा पाय बपेऱ्याच्या नदीतल्या गोट्यांत टेकला तो मी डोळ्यांनं पाह्यला, अन् लिवला नाई. एवढीशी तर गोष्ट, असं मी लय दिवस सोताले सांगत आलो. आता तसं सांगायची सोय राहिली नाई.

मी टेकचंद, आंबागडचा. दोन एकर धान, उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचं काम, बस. धर्मेंद्र रंगारी चिखल्याचा. त्याचा बाप चिंधूकाका सारी उमर मँगनीजच्या खाणीत खाली उतरला अन् धडधाकट रिटायर झाला. आम्ही दोघं तुमसरले अकरावीत एका बाकावर बसलो, इंग्रजीत दोघंही संगच नापास झालो, तवापासूनची दोस्ती.

दुनिया फटफटी पळवते. धर्मेंद्रले मात्र गाडी मुंगीच्या चालीनं चालवायचा नाद. या खेळाले ट्रायल म्हणतात. यात वेग कोणी पाहत नाई. नाल्यातले गोटे, झाडाच्या मुळ्या, दरडी, यातून चुन्याच्या दोन रेघांमधली वाट आखतात. गाडीवर उभं राहून ती वाट काढायची. पाय भुईले टेकला का एक गुण. गाडी बंद पडली, नाईतर माणूस पडला, तर पाच. ज्याचे गुण कमी तो जिंकला. एकही पाय न टेकता गेला तर आम्ही म्हणतो, कोरा गेला. वाटेवर एक मोजणारा उभा राहते अन् गाडीवाल्याच्या कार्डावर आकडा लिवते. आंबागडच्या किल्ल्याखाली दर इतवारी पाचसहा जणं जमत, अन् मोजणारा मी. मले गाडी शेतापुरतीच येते, पण नजर पक्की आहे, असं धर्मेंद्रच म्हणे.

त्याची गाडी पाहून लोक हासत. भंगारातून आणलेली जुनी टू-स्ट्रोक. सीट काढून फेकली. चेनची मागची चक्री मोठी बसवली, म्हणून पहिल्या गेरात गाडी माणसाच्या चालीनं दरड चढे. सायलेन्सर वर उचलला, पाय ठेवायच्या दांड्या मागं घेतल्या. ट्रायलच्या सकाळी अंगठ्यानं टायर दबन एवढी हवा सोडे, अन् घरी निघताना पंपानं भरून घे. शनिवारी क्लचची तार काढून तेलात टाके. मंग एकेक स्पोक पान्यानं ठोके अन् कान लावे. "हा ढिला आहे बे, ऐक." मले सारे सारखेच ऐकू येत. त्याची बायको सरिता दारातून म्हणे, "टेकचंद भाऊ, याच्या निम्मं ध्यान माह्यावर दिलं असतं ना, तर मी बी दरड चढली असती." अन् तो हासे. कसा हासे बाप्पा! सारं तोंड हासे.

त्याची एक गोष्ट साऱ्यायले माहीत होती. पाय टेकला तर तो मोजणाऱ्याच्या आधी सोताच हात वर करे. एकडाव चिखल्याच्या ट्रायलमधी तो पहिला येऊन राहिला होता. शेवटच्या वाटेत एका मोठ्या गोट्याच्या आड त्याचा बूट घासला. तिकडं माही नजरच पोचत नव्हती. मी 'कोरा' लिवणार, तर यानं हात वर केला. एका पायानं कप गेला.

माहं डोक्स सटकलं. "का बे हरिश्चंद्रा, कोणी पाह्यलं होतं?"

"बुटाले समजलं ना," तो म्हणे, अन् गाडी पुसायले बसला.

ज्या माणसाचा असा बूट, त्याच्याबद्दल मी पुढं काय समजून बसलो ते ऐका.

चार सालाआधी त्याले काम लागलं. खाणीत नाई, तुमसरच्या रस्त्यावर एका खाजगी शेडमधी. तिथं मँगनीजचा दगड दळून पीठ करत. शेडचं नाव आता मिटलं आहे, पाटीही उतरली. नाकाले दुपट्टा बांधून तो आठ घंटे त्या काळ्या धुरळ्यात उभा राहे. घरी आला का भुवया काळ्या, कानात काळं. आम्हाले कोणालेच त्याचं काही वाटलं नाई. चिंधूकाका तर म्हणे, "मी जमिनीच्या पोटात राहून काही झालं नाई, याले वर उजेडात काय होते?"

दोन सालाआधी, धान मळून झाल्यावर, बपेऱ्याले मोठी ट्रायल झाली. मध्य प्रदेशातले गाडीवालेही आले. त्यात मनिष नावाचा एक होता, बालाघाटकडचा, लय तयारीचा. दोघं बरोबरीनं चालले होते. नदीच्या गोट्यांतली शेवटची वाट, अन् मोजणारा मी. धर्मेंद्र मधल्या गोट्यावर चढला, गाडी जराशी डोलली, अन् डावा पाय खाली गेला. चांगला टेकला, वाळूत बुटाची टाच उमटली. मी हाताकडं पाह्यलं.

हात वर झाला नाई.

तो वाट काढून बाहेर आला, अन् माह्यासमोर कार्ड धरलं. डोळ्यात डोळे घालून पाहे. मले वाटलं, विनवून राहिला. मी विचार केला, जाऊ दे, इतक्या सालांत एकडाव तर मन ढळलं, दोस्ताची चार लोकांत इज्जत कायले काढायची? मी शून्य लिवला. गुण मनिषच्या बरोबर झाले, पण कोऱ्या वाटा याच्या जास्त, म्हणून कप याले भेटला. सरितानं तो बुद्धाच्या मूर्तीशेजारी ठेवला.

घरी जाताना मी त्याच्या मागं बसलो, पण एक शब्द बोललो नाई. आतून जळून राहिलो होतो. मले वाटलं, हा बी साऱ्यायसारखाच निघाला.

मंग इतवारामागून इतवार तेच. डावा पाय टेके, हात वर होत नसे. मी प्रत्येक डाव शून्य लिवे अन् मनात मोजे. दोन, तीन, पाच. चिडलो तर इतका होतो का त्याच्या डब्यातली भाजी खाणं सोडलं. तोही बदलला होता. हासणं कमी झालं, उगाच चिडे, कार्डावर सोताचं नाव मुंगीएवढं बारीक लिवे. मी म्हटलं, चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. उन्हाळा लागेपर्यंत नऊ पाय झाले. नऊच्या नऊ मी खाल्ले.

मे महिन्यात तो पडला. वाटेत नाई, वाट सुरू व्हायच्या आधी. गाडी उभीच होती, अन् हा तिच्यावरून सरळ मागं, पाठीवर गेला. डोक्स गोट्यावर आपटलं. टाके पडले, तुमसरच्या डॉक्टरकडं नेलं. जखम भरली, पण चाल काही सरळ होईना. महिन्यानं परत गेलो. सरिता, तो अन् मी.

डॉक्टर भला माणूस होता. त्यानं विचारलं, "पडायच्या आधी तोल जात होता का?"

सरितानं पिशवीतून प्लास्टिकची थैली काढली. धर्मेंद्रची सारी कार्डं तिनं तारखेवार जपून ठेवली होती. "नाई डॉक्टरसाहेब, हे पाहा. याचं तर कामच तोलाचं. सारे कोरे आहेत. हे बपेऱ्याचं, हे फेब्रुवारीचं, हे एप्रिलचं."

डॉक्टरनं एकेक कार्ड पाह्यलं. "म्हणजे मेपर्यंत उत्तम होते. मग हे पडल्यामुळेच दिसतंय. मानेला मार आहे." गळ्याचा पट्टा, गोळ्या, शेक, व्यायाम लिवून दिला.

मी बाजूच्या स्टुलावर बसलो होतो. माह्याच हाताचे ते शून्य टेबलावर पसरले होते. बोललो असतो तर बायकोसमोर तो चोर ठरला असता, अन् मी चोराचा साथीदार. तोंड शिवून बसलो. दोन महिन्यानं धर्मेंद्र गळ्याले पट्टा बांधून परत त्या शेडमधी, त्या धुरळ्यात कामाले लागला. आणखी पाच महिने तिथं उभा राहिला.

त्या पाच महिन्यांत माणूस पार गेला. कोंबडा चालते तसा तो चवड्यावर चालायले लागला, हाताचे कोपरे वाकलेले. मागं सरकायले गेला का पडे. गावात लोक म्हणत, पिऊन राहिला. अरे, त्या माणसानं जिंदगीत थेंब घेतला नव्हता! तोंड असं झालं का आतून कोणी घर सोडून गेलं. सरिता एकटीच धावपळ करे, अन् मी धानाच्या कामाचं निमित्त करून जाणं टाळे.

जानेवारीत एक दिवस तिनं निरोप धाडला, नागपूरले न्यायचं आहे, गाडीत बसवायले या. मी गेलो. तो अंगणातून येऊन राहिला होता, मी समोर उभा. डाव्या पायातली चप्पल सुटून मागं राहिली. तो तसाच चालत आला. एक पाऊल, दोन, पाच, सात. खडीवर उघडा पाय टेके, अन् याले पत्ताच नाई.

"धर्मा, चप्पल," मी म्हटलं.

त्यानं खाली पाह्यलं. "कवा निघाली बे?"

तवा मले समजलं. बपेऱ्याले त्यानं माह्या डोळ्यात पाह्यलं ते विनवणं नव्हतंच. तो रोजच्यासारखा आकडा लिवायची वाट पाहून राहिला होता. बुटाले समजलंच नव्हतं. अन् मी त्याले वर्षभर चोर समजलो. आग लागो माह्या तोंडाले!

नागपूरच्या डॉक्टरीणबाईले मी सारं सांगतलं. सरितासमोर. नऊ पाय, तारखेसकट, सारे डावे. सरितानं माह्याकडं एकडाव पाह्यलं, मंग पिशवीकडं पाहत राहिली. बाईनं विचारलं, काम काय करतात. धर्मेंद्रनं हळूहळू सांगतलं, दगड दळतो, काळा. बाईचा पेन थांबला. मंग रक्त, मेंदूचा फोटो, सारं झालं. मँगनीज मेंदूत बसलं, ती म्हणाली. शेड आजपासून बंद. औषधानं थोडं सैल होईल, पण जे गेलं ते परत येणं कठीण.

मी बाहेर वऱ्हांड्यात बाईले गाठलं. "म्याडम, साल-सव्वा साल आधी समजलं असतं तर?"

तिनं मले टाळलं नाई. "तेव्हाच काम सुटलं असतं, तर आज बहुतेक स्वतःच्या पायावर नीट चालत असते."

धर्मेंद्रले मीच सांगतलं. दुसऱ्या दिवशी, चिखल्याले, त्याच्या खाटेजवळ बसून. मले वाटलं तो शिव्या देईन, मारन. तोंड तर हालतच नव्हतं, काही समजायची सोय नव्हती.

"तू मले चोर समजला?"

मी मान हालवली.

"साल भर?"

"हव."

"मंग विचारलं काहून नाई बे?" एकेक शब्द जोर लावून काढून राहिला होता. "एक शिवी देऊन विचारलं असतं... मी म्हटलं असतं, कोणता पाय?"

मी त्याच्या खाटेच्या पायाले डोक्स टेकून रडलो. सरिता आत भांडे घासत होती, ते तिनं थांबवलं नाई. मंग त्यानं कार्डं मागतली. मी एकेक काढलं अन् नऊ ठिकाणी शून्य खोडून एक लिवला. खाली सही केली. बपेऱ्याचा कप मी मनिषच्या घरी नेऊन दिला. त्याले सारं सांगतलं, तर त्यानं चहाही घेऊ दिला नाई. बरोबरच केलं त्यानं.

सरिता माह्याशी कामापुरतं बोलते. चिंधूकाका बोलतच नाई. धर्मेंद्रनंच मले इतवारचं काम लावून दिलं आहे. गाडी मी साफ करतो, स्पोक ठोकतो, तो खाटेवरून ऐकते अन् ढिला कोणता ते सांगते. कान अजून पक्के आहेत. मंग तो दारातून फाटकापर्यंत चालते, चुन्याच्या दोन रेघांमधून. रेघा मीच आखतो. डॉक्टरीणबाईनं दर महिन्याले हिशेब मागतला आहे, कितीदा तोल गेला त्याचा. कार्ड माह्या हातात राहते. त्याचा पाय रेघेबाहेर पडला, नाईतर हात भिंतीले लागला, का मी जोरानं ओरडायचं, "पाय!" असं त्यानंच ठरवलं. ओरडलो का तो थांबते, अन् हात वर करते. हात आता खांद्याच्या वर जात नाई, अन् तिथंही थरथरते. पण केल्याबिगर तो पुढचं पाऊल टाकत नाई.

मागच्या महिन्यात अकरा होते. या इतवारी चौदा झाले. चौदाव्याच्या वेळी सरिता दारात उभी होती, अन् माह्या मनात आलं, बिचारीसमोर तेरा लिवावं.

मी चौदा लिवले.