कठड्यावरची काळी जर्सी

दत्ताराम गेल्याचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. त्याची मुलगी नंदा एवढंच म्हणाली, "काका, बाबा गेले... झोपेतच." उभ्या आयुष्याचा दोस्त गेला म्हटल्यावर मला रडू यायला हवं होतं. खरं सांगतो, नाही आलं. आली ती भीती. जाण्याआधी हा पोरीशी काही बोलला तर नसेल? अर्ध्या गालावरचा साबण वाळेपर्यंत मी तसाच बसून राहिलो. या गोष्टीला आता महिना झाला. सांगायची लाज वाटते, पण दत्तारामबद्दल लिहायचं तर इथूनच सुरुवात करायला हवी.

'विजयदीप स्पोर्टिंग' हे नाव आजच्या वाचकाला ठाऊक असायचं काही कारण नाही. लालबागच्या आमच्या चाळीतला हा फुटबॉल क्लब. गल्लीतल्या पोरांनी काढला आणि मास्तरांनी वाढवला. मास्तर म्हणजे आमच्या गिरणीतले जॉबर, माणसं कामाला लावणारे मुकादम. गिरणीच्या साहेबाला फुटबॉलचं वेड होतं आणि मास्तरांना साहेबाची नाडी बरोबर ठाऊक होती. जो पोरगा बरा खेळेल त्याला ते गिरणीत चिकटवून घेत. आठ तास साच्यावर म्हणजे मागावर, पाळी सुटली की मैदानावर, आणि सामना असला की थोडा भत्ता आणि दोन उकडलेली अंडी. आम्ही धड कामगार नव्हतो आणि धड खेळाडूही नव्हतो, पण गल्लीतून छाती काढून चालायचो. मी डावा हाफ. अंगावर माणूस येताना दिसला की चेंडू आधीच देऊन मोकळा व्हायचो, आणि बिचारे मास्तर सगळ्यांना सांगायचे, "वसंतासारखा पास द्यायला शिका." खरं कारण फक्त दत्तारामला माहीत होतं. तो गोलकीपर. मालवणाकडून आलेला, लांब हातांचा, मोजकं बोलणारा. समोरच्याच्या बुटात डोकं घालून चेंडू काढायचा आणि उठताना माझ्याकडे बघून डोळा मारायचा.

आमच्या क्लबात संघ फळ्यावर लिहायची पद्धत नव्हती. सामन्याच्या आदल्या दिवशी जर्स्या धुवायच्या, प्रत्येकाची पाळी ठरलेली, आणि जे खेळणार त्यांच्याच जर्स्या वाळत घालायच्या. पिवळ्या दहा मागच्या गॅलरीत. गोलकीपरची मात्र काळी, जाड लोकरीची, वाळता वाळत नसे. म्हणून ती सगळ्यांच्या आधी, रस्त्याच्या बाजूला, उन्हाच्या कठड्यावर. खालून जाणारे मान वर करून विचारायचे, "काळी लागली काय रे?" लागली म्हणजे उद्या सामना नक्की. काळी जर्सी बघून बायका दुसऱ्या दिवशीचा स्वयंपाक लवकर उरकायच्या.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. गिरण्या आज चालू तर उद्या बंद, रस्त्यात दगडांचा सडा, आज इथे लाठी तर उद्या तिथे गोळी. मोर्चात आम्हीही घसा फोडून ओरडत होतो. मी मधोमध चालायचो, कडेला कधीच नाही. अशात एक सामना ठरला होता. तो होईल असं कुणालाच वाटत नव्हतं, पण मास्तर हट्टाला पेटले. "सामना रद्द झाल्याचा निरोप आला नाही ना? मग धुवा जर्स्या." पाळी माझी होती. सकाळी नऊच्या सुमारास मी काळी जर्सी पिळून कठड्यावर टाकली, बाह्या ताणून बसवल्या आणि पिवळ्या भिजवायला घेतल्या. दत्ताराम रात्रपाळी करून आला होता, तो भिंतीकडे तोंड करून झोपला होता. खोलीत आम्ही दोघंच. आमच्याबरोबर तिथे राहणारे बाकीचे गावी गेलेले.

अकराच्या आसपास नाक्याकडून गोळ्यांचे आवाज आले. मग भोंगा लावलेली गाडी फिरली. संचारबंदी. कुणी गॅलरीत दिसलं तर गोळी घालू... असं ती दोनदा ओरडून गेली. सगळ्या चाळीची दारं फटाफट लागली. एरवी भांड्यांचा, पोरांचा, नळावरच्या भांडणांचा केवढा गलबला, पण त्या दुपारी शेजारच्या खोलीतलं घड्याळ ऐकू येत होतं. मी दाराच्या फटीला डोळा लावला. समोर कठड्यावर जर्सी वाऱ्याने फुगली होती. काळीकुट्ट. त्या आठवड्यात घराघरांवर निषेधाची काळी निशाणं लागत होती आणि पोलीस ती बघून माणसं उचलत होते. आपल्याला ती जर्सी दिसते, खालून बघणाऱ्याला काय दिसत असेल, हे माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं.

दारापासून कठडा तीन पावलं. मी कडी काढली. गुडघ्यांवर बसून उंबऱ्यापर्यंत सरकलो. खाली कुठेतरी शिट्टी वाजली आणि मी मागे आलो. पुन्हा गेलो, हात बाहेर काढला, उन्हात तो फार मोठा दिसला, तोही आत घेतला. दत्तारामला उठवावं असं मनात आलं. पण उठवलं असतं तर तो सरळ चालत जाऊन जर्सी घेऊन आला असता, आणि त्याला गोळी लागली असती तर? असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मी किती घाबरलोय हे त्याला दिसू नये, एवढंच होतं. मी कडी लावली आणि दाराला पाठ लावून बसलो. तासभर तरी बसलो असेन. तेवढ्या वेळात ती जर्सी वीस वेळा आत आणता आली असती.

मग पोलिसांचा ट्रक थांबला. आमच्या लाकडी जिन्याची एक पायरी करकरायची. ती करकरली, पुन्हा करकरली, मोजणं सुटेपर्यंत करकरत राहिली. दार लाथेने उघडलं. "काला झंडा किसने लगाया?" दत्ताराम डोळे चोळत उठला. त्याने आधी दाराबाहेर बघितलं, मग माझ्याकडे. माझ्या बाह्या कोपरापर्यंत वर होत्या आणि पायाशी पिवळ्या जर्स्यांची बादली होती.

"झेंडा नाय सायब, खेळायची जर्सी हाय ती. माझी."

"लगाया किसने?"

"मीच."

पोलीस त्याला घेऊन जाताना तो मला म्हणाला, "वश्या, पिवळ्ये पिळून ठेव. कुसतीत नायतर." एवढंच. मी मान हलवली. मी काहीही बोललो नाही, हे त्यातलं महत्त्वाचं.

पाच दिवसांनी तो कोठडीतून परत आला तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं सुजून काळी पडली होती. ती पुन्हा कधी मिटली नाहीत. ज्या हातावर गिरणीने नोकरी दिली तोच गेला. चेंडू धरता येईना आणि तुटलेला धागा सांधताही येईना. मास्तरांनी धडपड करून त्याला गोदामात लावलं. क्लबाने दोन-तीन नवे गोलकीपर करून बघितले, मग साहेब बदलला, खेळाडूंसाठी जागा ठेवणं बंद झालं. विजयदीप अमुक दिवशी बंद पडला असं सांगता येत नाही. एका मोसमात काळी लागलीच नाही.

त्यानंतर दत्तारामने घरचा एकही कपडा गॅलरीत वाळत घातला नाही. लग्न झालं, संसार झाला, तरी खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी. मे महिन्यातसुद्धा ओल्या लुगड्यांखालून वाकून जावं लागे. वहिनी कुरकुरायच्या, "भावजी, तुम्ही तरी सांगा यांना." मी हसायचो. घरी येऊन मात्र जेवण जात नसे. एकदाच धीर केला. "दत्ता, त्या दिवशी मी..." तर म्हणाला, "चाय पी रे, निवता ती." नंतर मी कधी विचारलं नाही, आणि खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं.

तेराव्याला गेलो तेव्हा नंदाने कागदात गुंडाळलेली ती जर्सी माझ्या हातात दिली. "बाबा म्हणायचे, वसंताकडे दे. काका, बाबा कसे विसरले हो ती आत घ्यायला? सारखं सांगायचे, मीच घातली, मीच विसरलो..." पोरीलासुद्धा त्याने तेच सांगितलं होतं. जन्मभर. दोरीखालून वाकून मी बाहेर पडलो.

नंदा, तू हे वाचशील. ती मी घातली होती. आणि मी विसरलो नव्हतो.

काल ती धुतली. कसर लागली आहे, तरी लोकर जाडच. गॅलरीच्या कठड्यावर टाकली, बाह्या ताणून बसवल्या आणि आत खुर्ची ओढून दिवसभर तिच्याकडे बघत बसलो. खाली गाडीचं दार आपटलं की दचकत होतो. या वयात, या काळात, कुणाची भीती हे मलाही सांगता येणार नाही. ऊन उतरलं तेव्हा उठलो. तीन पावलं गेलो आणि जर्सी आत घेतली. ती अजून ओलीच होती.