टिश्यूत धरलेली सिगारेट

आखातात रमझानमध्ये दिवसा उघड्यावर सिगारेट ओढायची सोय नसे, म्हणून मी करामातल्या आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात जायचो. एका दुपारी तिथे शाळेच्या गणवेशातला एक मुलगा भेटला. मिसरूडही फुटलं नव्हतं. बोटांना वास लागू नये म्हणून त्यानं सिगारेट टिश्यूत धरली होती. दुसऱ्या मुठीत वेलदोडे तयार.

"असं किती दिवस लपणार रे?" मी झुरका घेत विचारलं.

"अंकल, यू हाइड ओन्ली वन मंथ," तो हळूच म्हणाला. "आय हाइड ऑल इयर."

आवाजात उर्मटपणा नव्हता, पोर दमलेलं होतं. त्यानं एक वेलदोडा माझ्यापुढे धरला.

'सोड रे बाळा,' म्हणायला मी तोंड उघडलं, तर आधी धूरच बाहेर आला.