दोन जीबीला थांबलेली फाईल

२००४ च्या उन्हाळ्यात कोल्हापुरातल्या आमच्या दैनिकाचा डेटाबेस बिघडला. जुन्या बातम्या, फोटो — सगळं त्यात होतं. बॅकअप अर्धवट निघाला. दोष बसूवर गेला. चूक माझी होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही.

बसवराज, म्हणजे बसू, माझा सहकारी. रोज संध्याकाळी तो बॅकअप सुरू करायचा, संपला की मशीन बंद करून कागलची एसटी गाठायचा. सकाळी फाईल तपासायचं काम माझं. मी तपासत होतो. फाईल दोन जीबीची — रोज तेवढीच. डेटाबेस वाढत होता, मग फाईल का वाढत नव्हती? हा प्रश्न मला पडला नाही. रोज तोच आकडा, मला ती शिस्त वाटली. त्या मशीनवर एका फाईलला दोन जीबीची मर्यादा होती. पुढचं लिहिलंच जात नव्हतं.

संपादकांनी विचारलं तेव्हा मला हे कळलेलं होतं. तरी मी काय म्हणालो? "बसूला एसटीची घाई असते. मशीन आधीच बंद केलं असणार."

बसू शेजारीच उभा होता. "व्हय साहेब, झालं असंल," म्हणाला. त्याला जाहिरात विभागात पाठवलं.

मग मी मर्यादेवर तोड काढली. बॅकअप एका फाईलमध्ये जाऊच द्यायचा नाही. वाटेतच कापून एकेक जीबीचे तुकडे करायचे, क्रमानं नावं द्यायची. दर आठवड्याला ही मर्यादा नसलेल्या दुसऱ्या मशीनवर तुकडे जोडून, उघडून बघायचे.

पुढच्या वर्षी डिस्क गेली. मी तुकडे जोडले. सगळा विभाग माझ्या खुर्चीमागे उभा. आदल्या दिवशीच्या शेवटच्या फोटोपर्यंत सगळं परत आलं. काय जल्लोष झाला! संपादकांनी मला फेटा बांधला. मी खूश होतो — खोटं कशाला सांगू? बसू पेढे घेऊन आला. "मर्दा, माझ्या हातनं गेलतं. तू जिंकलास की!"

तेव्हा सांगता आलं असतं. मी पेढा खाल्ला.

२००९ मध्ये बसू निवृत्त झाला. निरोपाच्या भाषणात त्यानं स्वतःहून सांगितलं, की एसटीच्या घाईत त्यानं एकदा मशीन लवकर बंद केलं होतं. लोक हसले. मी पहिल्या रांगेत होतो.